यकृताच्या कर्करोगाची रक्तातील चाहूल

यकृताच्या अंतर्भागाला वेदना जाणवत नाहीत. त्यामुळे तेथील गाठ वरचे आवरण ताणले जाण्याइतकी मोठी होईपर्यंत रुग्णाला बहुधा काहीच त्रास होत नाही, आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ अनेकदा टळून गेलेली असते. म्हणूनच सिरॉसिस (यकृतात व्रण साचून ते कडक होणे) झालेल्यांनी आणि हिपॅटायटिस बी असलेल्या जोखमीच्या रुग्णांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व एएफपी ही रक्ततपासणी करून घ्यावी, असे सांगितले जाते.

एएफपी हे मुळात गर्भाच्या यकृतात तयार होणारे प्रथिन. यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात ते पुन्हा दिसते, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ गारी अबेलेव्ह यांनी १९६३ साली दाखवले. परंतु सुरुवातीच्या अनेक गाठी एएफपी वाढवतच नाहीत. उलट हिपॅटायटिस बळावला किंवा स्त्री गरोदर असली तर कर्करोग नसतानाही ते वाढते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार प्रारंभीच्या अवस्थेतील कर्करोग नुसत्या सोनोग्राफीने ४५ टक्के, तर एएफपीची जोड दिल्यावर ६३ टक्के रुग्णांत सापडला. जोड उपयोगी आहे, पण पुरेशी नाही.

म्हणून आणखी दोन सूचक मोजले जातात. कर्कपेशींनी तयार केलेल्या एएफपीवर फ्युकोज ही शर्करा जास्त प्रमाणात चिकटलेली असते आणि असे रेणू मसुरीतील एका प्रथिनाला घट्ट धरतात. त्या अंशाला एएफपी-एल३ म्हणतात. दुसरा पिव्का-२, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रोथ्रॉम्बिनचे अर्धवट घडलेले रूप. मात्र हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांत कर्करोग नसतानाही ते वाढते, तेव्हा रक्त देताना चालू औषधे सांगायलाच हवीत. हे तिन्ही आकडे वय व लिंग यांच्यासह एका सूत्रात घालून ‘गॅलॅड’ गुणांक काढतात. गुणांक जास्त आला तरी निदान होत नाही. त्यासाठी सीटी किंवा एमआरआय लागतोच.

गोव्याला हा विषय जवळचा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत राज्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले, आणि मधुमेहाबरोबर फॅटी लिव्हर येतो. चरबी साचलेल्या यकृतात ध्वनिलहरी नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे अशा रुग्णांत रक्तातील सूचकांचे मोल वाढते. दारूमुळे सिरॉसिस झालेल्या माणसाने फेणी कायमची सोडली, तर धोका घटतो, पण संपत नाही. त्याची सहामाही तपासणी पुढेही चालूच ठेवावी लागते.