टॅपेट सेटिंग

चार-स्ट्रोक इंजिनाच्या हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणवजा भागात) व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक आणि त्यावर दाब देणारा रॉकर यांच्यात ठरावीक फट ठेवण्याच्या कामाला टॅपेट सेटिंग म्हणतात. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या फटीचे नाव व्हॉल्व्ह क्लिअरन्स असते. खानदेशात शेतापासून बाजारापर्यंत धावणाऱ्या १०० ते १५० सीसीच्या एकसिलिंडर गाड्यांत ती साधारण ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर असते. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो आणि तो मॅन्युअलमधूनच घ्यावा. बऱ्याच इंजिनांत एक्झॉस्टची फट इनलेटपेक्षा जास्त ठेवतात, कारण जळालेला वायू एक्झॉस्टवरून जातो आणि तो व्हॉल्व्ह जास्त तापतो.

बंद झालेला व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण टेकला पाहिजे, यासाठी ही फट. व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. फट उरली नाही तर रॉकर व्हॉल्व्हला केसभर उचलून धरतो. मग कॉम्प्रेशन गळते, गरम गाडी किक मारून मारूनही चालू होत नाही, स्लो (रेस न देता उभ्या गाडीचे चालणे) टिकत नाही आणि शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. फट जास्त झाली तर व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, सीटवर आपटतो, हेडमधून टकटक ऐकू येते. दोन्ही दोषच, पण सारखे नाहीत. ढिला टॅपेट आवाज करून कळवतो, टाइट टॅपेट गुपचूप व्हॉल्व्ह खातो. ‘गाडी टकटक करी ऱ्हायनी, दादा’ अशी तक्रार आली की केवळ आवाज बंद करण्यासाठी फट कमी-जास्त करणारा टॅपेट स्क्रू आवळणे हा या कामातला सर्वांत महागात पडणारा प्रकार आहे. धडगाव-तोरणमाळच्या चढावर दोन माणसे आणि सामान घेऊन खालच्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीला तर तो मुळीच परवडत नाही.

हेडचे काम काढले की जुने सेटिंग संपले असे धरावे. लेथवर सीट कापली आणि पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासला की तो सीटमध्ये थोडा खोल बसतो, त्याच्या दांड्याचे टोक तेवढेच वर येते आणि फट तेवढी कमी होते. रोजच्या वापरातही हेच घडते, फक्त सावकाश. काळ्या मातीची बारीक धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेली की सीट आणि गाइडची (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीची) झीज वाढते. व्हॉल्व्ह घासल्यावर पोर्टमध्ये पेट्रोल ओतून गळती पाहावी आणि ऑइल सील नवे घालावेत. हेड चढवण्याआधी दोन्ही टॅपेट स्क्रू ढिले करून ठेवावेत. हेडचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने, ठरलेल्या टॉर्कला आवळून आणि टायमिंग चेनची खूण जुळवून झाल्यावरच फटीला हात लावायचा.

सेटिंग थंड इंजिनावर करतात. अनेक मॅन्युअलांत इंजिन ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असावे अशी अट असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली बंद गाडीसुद्धा या अटीत बसत नाही. उन्हाळ्यात गाडी रात्री ठेवून घ्यावी आणि टॅपेट सकाळी पहिल्या कामाला घ्यावेत. गिऱ्हाइकाला घाई असते हे खरे, तरी इथे घाई मान्य करू नये.

प्लग काढून मॅग्नेटच्या कव्हरवरची दोन झाकणे उघडतात. मधल्या भोकातून पाना लावून क्रँक चालत्या दिशेनेच सावकाश फिरवायचा आणि खिडकीतली टी खूण, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असल्याची खूण, कव्हरच्या खाचेसमोर आणायची. शेजारीच एफ खूण असते. ती ठिणगीची, तिच्यावर थांबू नये. टी खूण चार स्ट्रोकच्या एका चक्रात दोनदा येते, त्यामुळे पिस्टन कॉम्प्रेशनवर आहे याची खात्री लागते: दोन्ही व्हॉल्व्ह बंद असावेत आणि दोन्ही रॉकर बोटांनी किंचित हलावेत. तसे नसेल तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा.

फिलर गेजचे (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाचे) ठरलेले पाते रॉकर आणि दांड्यामध्ये घालून स्क्रू हलका टेकवतात. पाते ओढताना थोडा अटकाव जाणवावा, पण ते वाकू नये. ०.०५चे पाते पातळ असते, त्याला तेलाचे बोट लावून सरळ आत सरकवावे. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून त्याला टॅपेट कीने धरून नट आवळायचा आणि पाते पुन्हा घालून पाहायचे. नंतर क्रँक दोन फेरे फिरवून तिसऱ्यांदा पाहावे. स्क्रूच्या टोकाला खड्डा पडला असेल तर सपाट पाते खड्ड्यावरून पुलासारखे जाते आणि खरी फट पात्यापेक्षा जास्त राहते. अशी गाडी सेटिंगनंतरही वाजते. तिथे स्क्रू बदलणे हाच उपाय. अनुभवी मिस्तरी हाताच्या अंदाजाने सेटिंग करतात, पण ०.५ मिलिमीटर पिचच्या आट्यावर ०.०५ म्हणजे फक्त ३६ अंशांचे वळण, एका फेऱ्याचा दहावा हिस्सा. चुकायला जागा फार थोडी आहे आणि गेज महाग नाही.

सगळ्या गाड्यांत हा स्क्रू नसतो. केटीएम ड्यूक ३९०सारख्या इंजिनांत फट शिमच्या, म्हणजे मापाच्या धातूच्या चकतीच्या, जाडीने ठरते: जुन्या शिमच्या जाडीत मोजलेली फट मिळवायची आणि हवी ती फट वजा करायची. शिम २.४० आहे, फट ०.०८ मिळाली आणि ०.१५ हवी, तर २.३३च्या जवळची शिम लागेल. सीट कापल्यावर पातळ शिम लागणार हे ठरलेलेच, म्हणून मापे घेऊन ती आधी मागवून ठेवावी. जुन्या कास्ट-आयर्न बुलेटमध्ये गेज लागत नाही. थंड इंजिनावर पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारा दांडा) बोटांनी मोकळा फिरावा, पण वरखाली हलू नये. नंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असलेल्या) इंजिनांत तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट आल्यामुळे हे कामच उरले नाही. आरएक्स १०० आणि येझदी रोडकिंग या टू-स्ट्रोक गाड्यांना असे व्हॉल्व्हच नसतात.

काम झालेल्या हेडमधले नवे व्हॉल्व्ह आणि सीट पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये एकमेकांवर बसतात, आणि तेवढ्यात फट पुन्हा थोडी कमी होते. त्यामुळे साधारण ५०० किलोमीटरनंतर, ऑइल बदलताना, टॅपेट पुन्हा एकदा थंड इंजिनावर तपासतात.