सील-उत्पादनांच्या व्यापारासाठी शासकीय अर्थसाहाय्य (कॅनडा)

सील या सागरी सस्तन प्राण्याचे कातडे, मांस आणि चरबीपासून काढलेले तेल यांना देशात व परदेशात बाजारपेठ मिळावी, यासाठी कॅनडाचे केंद्र शासन तसेच तेथील प्रांत व प्रदेश यांची शासने देत असलेली आर्थिक मदत. या मदतीचे सर्वांत ठळक रूप म्हणजे कॅनडाच्या मत्स्यव्यवसाय व महासागर विभागाने राबविलेला सील प्रमाणीकरण व बाजारप्रवेश कार्यक्रम होय. २०१५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यासाठी पाच वर्षांकरिता ५७ लाख कॅनेडियन डॉलर राखून ठेवण्यात आले. युरोपीय संघाने सील-उत्पादनांवर घातलेल्या बंदीतून मूलनिवासी समाजांच्या मालाला दिलेल्या सवलतीचा त्या समाजांना प्रत्यक्ष लाभ घेता यावा आणि व्यावसायिक सील-उद्योगाला नव्या बाजारपेठा मिळाव्यात, अशी त्याची दोन उद्दिष्टे होती. त्यामुळे निधीचा रोख शिकारीपेक्षा शिकारीनंतरच्या टप्प्यांवर, म्हणजे प्रमाणपत्रे, मालाचा माग ठेवण्याची व्यवस्था, कारागिरांचे प्रशिक्षण आणि विक्रीचा प्रचार यांवर राहिला.

कॅनडात सीलची शिकार दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी होते. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट हे मूलनिवासी लोक प्रामुख्याने रिंग्ड सील या जातीची शिकार वर्षभर, घरच्या व गावच्या अन्नासाठी करतात. मांस आप्तेष्टांत वाटले जाते, कातड्याचे बूट, हातमोजे व अंगरखे शिवले जातात आणि उरलेली कातडी विकून बंदुकीच्या गोळ्या, इंधन व स्नोमोबाइलचे सुटे भाग घेतले जातात. दुसरी शिकार न्यूफाउंडलंड व लॅब्राडॉरचा किनारा आणि सेंट लॉरेन्सचे आखात येथे वसंत ऋतूत, मुख्यतः हार्प सील या जातीची होते. ती परवानाधारक मच्छीमार करतात आणि मासेमारीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीची ती त्यांची जोडकमाई असते. सीलच्या शिकारीविरुद्ध जगभर झालेल्या निषेधाचा रोख या दुसऱ्या शिकारीवर होता. तिचा फटका मात्र पहिलीलाही तितकाच बसला, आणि अर्थसाहाय्याचा सारा प्रश्न येथूनच उभा राहतो.

अमेरिकेने १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने सील-उत्पादनांची आयात बंद केली. १९८३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने हार्प सीलच्या पांढऱ्या केसांच्या पिल्लांच्या आणि हूडेड सीलच्या निळसर पाठीच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इन्युइट शिकारी ही पिल्ले मारत नव्हते आणि त्यांच्या मालाला बंदीच्या या आदेशात सूटही होती. तरीही सीलच्या कातड्याची एकूण मागणीच कोसळली. आर्क्टिकमधील रेझोल्यूट या छोट्या वस्तीचे कातड्यांपासूनचे वार्षिक उत्पन्न सुमारे ५४,००० डॉलरवरून एका वर्षात १,००० डॉलरवर आले. सील-शिकारीच्या चौकशीसाठी नेमलेल्या, न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने १९८६ मध्ये अहवाल दिला आणि १९८७ पासून कॅनडाने पिल्लांची व्यावसायिक शिकार थांबवली. पुढे युरोपीय संघाने २००९ च्या नियमाने जवळजवळ सर्वच सील-उत्पादनांना आपली बाजारपेठ बंद केली. त्यातही इन्युइट व अन्य मूलनिवासी समाजांच्या पारंपरिक शिकारीला सूट होती. पण ज्या बाजारपेठेत ग्राहक, दुकानदार आणि वाहतूकदार सगळेच सीलचे नाव टाळतात, तेथे कागदावरच्या सवलतीने माल विकला जात नाही, हा १९८३ चा अनुभव पुन्हा आला.

कॅनडा व नॉर्वे यांनी ही बंदी जागतिक व्यापार संघटनेत नेली. मे २०१४ मध्ये अपील मंडळाने असा निर्णय दिला की, प्राण्यांच्या कल्याणाविषयीच्या लोकभावनेला सार्वजनिक नीतिमत्तेचा आधार घेता येतो आणि त्या कारणास्तव बंदी मुळात ग्राह्य ठरते. मात्र मूलनिवासी सवलतीची अंमलबजावणी ग्रीनलंडमधील इन्युइटांच्या पथ्यावर पडणारी व म्हणून भेदभावाची आहे. युरोपीय संघाने २०१५ मध्ये नियम सुधारला. शिकार त्या समाजात परंपरेने चालत आलेली असावी, ती त्याच्या उपजीविकेला हातभार लावणारी व मुख्यतः व्यापारासाठी नसावी आणि प्राण्याच्या वेदनांचा योग्य विचार करून केलेली असावी, अशा अटी स्पष्ट झाल्या. युरोपीय आयोगाने जनतेला व सीमाशुल्क अधिकाऱ्यांना या सवलतीची माहिती द्यावी, अशीही तरतूद झाली. तीमागे इन्युइट संघटनांनी अनेक वर्षे मांडलेले गाऱ्हाणे होते.

सवलत घ्यायची तर प्रत्येक मालासोबत मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र लागते. कॅनडाच्या आर्क्टिक भागातील इन्युइटबहुल नुनावुट प्रदेशाच्या शासनाला ही मान्यता २०१५ मध्ये आणि वायव्य प्रदेशाच्या शासनाला २०१७ मध्ये मिळाली. कातडे कोणी, कोठे व कोणत्या हेतूने मिळवले याची नोंद दूरवरच्या वस्त्यांतून गोळा करून ती तयार वस्तूपर्यंत जोडत नेणे हे खर्चाचे काम आहे, आणि केंद्राच्या निधीचा सर्वांत उपयुक्त विनियोग येथेच झाला असे म्हणता येईल. मूलनिवासी कारागिरांच्या वस्तूंसाठी स्वतंत्र व्यापारचिन्ह निर्माण करण्याचे कामही याच ओघात झाले.

नुनावुट शासनाची स्वतःची योजना याहून जुनी आहे. ते शिकाऱ्यांकडून ठरलेल्या दराने कातडी विकत घेते आणि ऑन्टॅरिओतील नॉर्थ बे येथील लिलावात पाठवते, त्यामुळे बाजार पडला तरी शिकाऱ्याच्या हाती काही रक्कम निश्चित पडते. कमावलेली काही कातडी स्थानिक शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना सवलतीच्या दरात परत उपलब्ध करून दिली जातात. परिणामी कातड्याचे मूल्य गावातच वाढते आणि शिवणकलेचे ज्ञान लेकीसुनांकडे जाते. प्रस्तुत नोंदीत आलेल्या साऱ्या योजनांत हीच सर्वांत दूरदर्शी वाटते.

व्यावसायिक बाजू अधिक अडचणीची आहे. २००४ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर साडेतीन लाखांहून अधिक हार्प सील मारले गेले होते. २००६ मध्ये शंभर डॉलरच्या आसपास असलेला कातड्याचा भाव २००९ पर्यंत पंधरा डॉलरच्या घरात आला आणि त्यानंतरची शिकार मंजूर कोट्याच्या अगदी लहान भागापुरती उरली. २०११ च्या अखेरीस रशियाने हार्प सीलच्या कातड्यांची आयात थांबवली, तर भारताने २०१८ मध्ये सीलच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली. न्यूफाउंडलंड व लॅब्राडॉरच्या प्रांतिक शासनाने २०१२ मध्ये कातड्यांचा साठा खरेदी करण्यासाठी प्रक्रिया-उद्योगाला ३६ लाख डॉलरचे कर्ज दिले. सीलचे कातडे कमावण्याची कला व यंत्रणा थोड्याच ठिकाणी उरली असून, व्यावसायिक माल थांबल्यास इन्युइटांच्या मोजक्या कातड्यांवर असे कारखाने तगणे कठीण आहे. दोन्ही व्यापारांना एकाच कार्यक्रमातून मदत देण्यामागचे हे व्यावहारिक कारण दुर्लक्षून चालणार नाही.

प्राणिकल्याण संघटनांचा आक्षेप असा की, ज्या मालाला ग्राहक नाही त्याच्या जाहिरातीवर सार्वजनिक पैसा खर्च होतो आणि इन्युइटांचे नाव पुढे करून किनाऱ्यावरील मोठ्या शिकारीचा बचाव केला जातो. त्यांच्यापैकी काहींनी परवानाधारकांना एकरकमी भरपाई देऊन व्यावसायिक शिकार बंद करण्याचा पर्याय सुचवला आहे. आक्षेपाच्या दुसऱ्या भागात तथ्य आहे. परंतु सरसकट मोहिमांनी आर्क्टिकमधील कुटुंबांचे जे नुकसान केले, त्याचा हिशेब या संघटनांनीही पुरेसा दिलेला नाही. नुनावुटमध्ये दुकानातील अन्न अतिशय महाग असून तेथे सीलचे मांस हाच सर्वांत पौष्टिक व आवाक्यातला आहार आहे; कातड्याला भाव नसला की त्या शिकारीचा खर्चही निघत नाही.

शासकीय पाठिंब्याला प्रतीकात्मक बाजूही आहे. मे २००९ मध्ये कॅनडाच्या तत्कालीन गव्हर्नर जनरल (राणीच्या प्रतिनिधी) मिशेल झाँ यांनी नुनावुटमधील रँकिन इन्लेट येथे सीलचे कच्चे हृदय खाऊन इन्युइटांना उघड साथ दिली. २०१७ च्या कायद्याने २० मे हा राष्ट्रीय सील-उत्पादने दिन ठरला. २०२४ मध्ये कॅनडाच्या सिनेटच्या मत्स्यव्यवसाय समितीने सील-उद्योगावरील अहवालात केंद्र शासनाने या क्षेत्राला अधिक सक्रिय पाठबळ द्यावे, अशी शिफारस केली.