चरकातून निघालेली चादर

रसवंतीत उसाचं कांडं चरकात शिरतं आणि पलीकडून चिपाड होऊन बाहेर येतं. साबणाच्या पाण्यातून काढलेली चादर दोन रबरी रोलरांमधून जाताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तोच चरक आठवला. चादर पलीकडे पापडासारखी चपटी होऊन निघत होती आणि पाणी अलीकडे, पुन्हा टबात पडत होतं. हे रिंगर वॉशिंग मशीन, म्हणजे कपडे पिळायचे रोलर वर बसवलेलं धुण्याचं यंत्र. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात न्यूटन नावाचं गाव आहे. तिथल्या मेटॅग कंपनीने १९२२ मध्ये टबाच्या तळाशी मागेपुढे फिरून कपडे घुसळणारा ॲजिटेटर बसवला आणि रिंगरची यंत्रं १९८३ पर्यंत बनवली. ओहायो, पेनसिल्व्हेनियातल्या अमिश या साधेपणानं राहणाऱ्या, तारांवरची सार्वजनिक वीज टाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या अनेक घरांत ती आजही चालतात, बऱ्याचदा पेट्रोल इंजिनावर किंवा दाबलेल्या हवेवर.

यातली पिळण्याची क्रिया मला सर्वांत सुंदर वाटते. हातानं पिळताना आपण कापडाला पीळ देतो. त्या पिळात बाहेरचे धागे ताणले जातात, आतल्या घड्यांत पाणी अडकतं, आणि शेवटी मनगट थकतं. रोलर कापडाला पीळ देतच नाहीत, ते फक्त दाबतात, तेही एका अरुंद पट्टीत. समजा रोलर ३० सेंटिमीटर लांब आहेत, कापडाला टेकणारी पट्टी १ सेंटिमीटर रुंद आहे आणि स्प्रिंगचा जोर १०० किलो वजनाएवढा आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोंहून जास्त भार, हवेच्या दाबाच्या तिप्पट! धाग्यांमधल्या मोठ्या फटींतलं पाणी तिथे टिकत नाही. बारीक फटींतलं मात्र केशाकर्षणानं चिकटून राहतं, आणि कापसाच्या तंतूंनी स्वतःत शोषलेलं पाणी कितीही दाबलं तरी निघत नाही. ते दोरीवर, वाऱ्याने आणि उन्हानेच जातं.

गरम पाण्यातले कपडे जास्त कोरडे पिळले जातात. ६० अंश सेल्सिअसला पाण्याचा चिकटपणा २० अंशांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होतो, त्यामुळे ते फटींतून चटकन वाहतं. कपडे रोलरांत घालताना एकाच जागी जाड शिवण आली तर रोलर तिथे उचलले जातात आणि शेजारचं पातळ कापड न दाबताच निसटतं. म्हणून कापड पसरून, सारख्या जाडीत सरकवायचं आणि बटणं घडीच्या आत घ्यायची.

पण हे रोलर कापड आणि हात यांत फरक करत नाहीत. बोट सापडलं तर अख्खा हात ओढला जातो, आणि अशा जखमा अमेरिकेतल्या डॉक्टरांना पूर्वी नेहमी पाहाव्या लागत, विशेषतः लहान मुलांच्या. रिंगरवर दाब एकदम सोडणारी पट्टी असते. कपडा घालण्याआधी ती चालते का, हे मी प्रत्येकाला तपासायला सांगेन. बाह्या वर, केस बांधलेले, ओढणी-पदर खोचलेला, मुलं लांब.

दुरुस्तीत खरा कस लागतो तो ॲजिटेटर काढताना. तो ॲल्युमिनियमचा असला तर पोलादी दांड्यावर वर्षानुवर्षं जखडून बसलेला असतो, कारण साबणाच्या ओलाव्यात दोन भिन्न धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम गंजतं आणि तो गंज फटीत फुगतो. हातोडा मारलात तर तो तडकेल. टब कढत पाण्यानं भरा आणि थांबा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड किंचित सैल होते. गंज सोडवणारं तेल मुरू द्यायचं आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. परत बसवताना दांड्याला पाण्यात टिकणारं ग्रीस लावा.

वायरिंगच्या बाबतीत मात्र धीर कामाचा नाही, जुनी वायर सरळ बदलून टाका. रबराचं वेष्टण तडकलेलं, खाली ओली फरशी, समोर धातूचा टब! तीन पिनांचा प्लग, पक्कं अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच हवाच. कुणी असं यंत्र भारतात आणलं तर नुसता ट्रान्सफॉर्मर पुरत नाही. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची. मिनिटाला १७२५ फेरे घेणारी मोटर इथे साधारण १४४० वर येते आणि तेवढ्याच व्होल्टला जास्त तापते.

राहिले रोलर. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला चिरा पाडतो, आणि खनिज तेलानं नैसर्गिक रबर फुगतं, म्हणून पुसायला सौम्य साबणाचं पाणीच वापरा. चिरा खोल गेल्या असतील तर रोलर बनवणाऱ्या कारखान्यातून नवं रबर चढवून घेता येतं. एकमेकांवर दाबून ठेवलेले रोलर हळूहळू त्याच जागी चपटे होतात आणि मग दर फेरीला तेवढ्या जागेत कापड ओलं राहतं. धुणं दोरीवर गेलं की वरचा स्क्रू सैल करून दोन्ही रोलर एकमेकांपासून सुटे ठेवायचे.