सिकलसेलच्या संशोधन अभ्यासात नाव द्यायचंय? लोक परत का जातात ते आधी वाचा

गडचिरोली, गोंदियाकडून एसएस पॅटर्नची माणसं, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण, दोन गाड्या बदलून येतात आणि तपासणीच्या टेबलावरूनच परत जातात. आजारामुळे नाही, कागदामुळे.

आधी एक सांगतो, संशोधन अभ्यास म्हणजे सरकारी योजना नाही. अनुदान मिळत नाही. नवी तपासणी किंवा औषध खरंच उपयोगी पडतं का, ते पाहायचं असतं. नाव नोंदवायला कोणी पैसे मागितले तर उठून चालू लागा. औषधाची चाचणी असेल तर 'सीटीआरआय' (देशातल्या अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही) या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक विचारा, २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे.

आधार, केस पेपर, पासबुक सगळेच आणतात. अडतं ते रिपोर्टवर. गावच्या शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी ही झटपट होणारी प्राथमिक रक्तचाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तरी माणूस वाहक (एएस, म्हणजे दोष मुलांकडे जाऊ शकतो, पण स्वतः रुग्ण नाही) की रुग्ण (एसएस), हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट लागतो. लोक मात्र शिबिराची चिठ्ठी लॅमिनेट करून आणतात. बघून जीव तुटतो.

दुसरी अडचण रक्ताच्या तारखेची. बऱ्याच अभ्यासांत 'गेल्या तीन महिन्यांत रक्त लावलेलं नसावं' अशी अट असते. दात्याच्या तांबड्या पेशी १२० दिवसांपर्यंत जगू शकतात, त्यामुळे तपासणीत दुसऱ्याचंच रक्त मोजलं जातं. लोक दिवस मोजतात भरती झाल्यापासून. मोजायचे असतात शेवटची पिशवी लागली त्या दिवसापासून. आणि डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'रक्त दिले' एवढंच! तारीख लिहायला अशी किती शाई लागते? सुट्टी घेतानाच ती मागून लिहून घ्या. अभ्यासात बसावं म्हणून लागलेलं रक्त लपवू नका, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं रक्त तर मुळीच टाळू नका.

तिसरी अडचण लहान मुलांची. आईबाप मिरची तोडायला तेलंगणात, आणि पोराला घेऊन येते आजी. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आई, वडील किंवा कायदेशीर पालकाचीच संमती लागते. सरपंचाचं पत्र चालत नाही. आजी रडकुंडीला येते, पण टेबलावरच्या माणसाच्या हातात काही नसतं. तोडणीला जायच्या आधीच विचारून तारीख घ्या. मूल बारा वर्षांच्या पुढचं असेल तर त्याचा स्वतःचा लेखी होकारही लागतो.

अंगठा देणाऱ्यांनी लिहिता-वाचता येणारा एक माणूस सोबत आणावा. संमतीपत्र वाचून दाखवताना तो शेवटपर्यंत हजर हवा आणि अभ्यासाशी त्याचा संबंध नको. एका दवाखान्यात अभ्यासाचाच कर्मचारी साक्षीदार म्हणून सही करताना मी पाहिला. तसं चालत नाही.

सही घाईत करू नका. घरी नेऊन विचार करतो म्हटलं तरी चालतं. नाही म्हणालात किंवा मधेच सोडलंत, तरी नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांप्रमाणे मोफत उपचार आणि भरपाई मिळते. येण्याजाण्याचा खर्च मिळणार का ते आधी विचारा, एसटीचं तिकीट जपून ठेवा.

संमतीपत्राची प्रत तुमच्या हक्काची आहे. मुख्य संशोधक आणि नीतिमत्ता समितीचे (सहभागी लोकांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी समिती) फोन नंबर त्यावर असतात. गाडी पकडण्याआधी त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून घ्या.