प्रवाळ म्हणजे समुद्रातलं झाड नव्हे

शाळेत मी प्रवाळाचं चित्र वनस्पतींच्या पानावर काढलं होतं. फांद्या आहेत, जागचं हलत नाही, म्हणजे झाडच! हा समज फार जुना. १७२०च्या दशकात ज्याँ-आंद्रे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने प्रवाळ हा प्राणी असल्याचं सांगितलं, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनाही ते पटलं नव्हतं.

बाईंनी रात्री चित्रित केलेला व्हिडिओ दाखवला आणि मी थक्क झाले. प्रवाळातल्या प्रत्येक इवल्या जिवाला तोंड, पोट आणि तोंडाभोवती डंख मारणाऱ्या शुंडकांचं, म्हणजे लवचीक सोंडांचं कडं. या शुंडकांनी तो जीव प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पकडत होता! प्रवाळ जेलीफिशच्या नात्यातला. ‘दगड’ म्हणतो तो त्यानेच रचलेला चुनखडीचा सांगाडा.

गोंधळाला कारणही आहे. त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवालं राहतात, सूर्यप्रकाशात अन्न बनवतात आणि त्यातलं बरंचसं त्याला देतात. रंगही बहुतांशी त्यांचाच. पाणी फार तापलं की ही सोबत तुटते आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. पण पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलंच असतं, असं नाही. ते उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर शैवालं परततात, प्रवाळ सावरतं.