मंदीतल्या छावण्या आणि ‘पातळ सूप’

‘1930च्या महामंदीत अमेरिकन सरकारने उपाशी पोरांना जंगलात नेऊन पातळ सुपावर राबवलं’ हा मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. गोंधळ होणं साहजिक आहे. सुपासाठी रांगा खरोखरच लागत, पण शहरांत, बेकारांसाठी. 1933 ते 1942 दरम्यानच्या सरकारी वनकाम छावण्या (‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’, म्हणजे बेकार तरुणांना काम देणारी योजना) वेगळ्या.

छावणीत साधारण 200 तरुण असत. महिना 30 डॉलर पगार, त्यातले बहुधा 25 थेट घरी जात. शिवाय जेवण, कपडे, निवारा. सकाळी ओटची लापशी, अंडी, पाव, कॉफी; दुपारी कामावरच सँडविच; रात्री मांस, बटाटे, भाज्या. पदार्थ तेच तेच, पण पोटभर. सुरुवातीला पोरांना लष्करी तळावर काही दिवस व्यायाम देऊन मगच कामावर धाडत. अशक्त शरीर एकदम कुदळीला जुंपलं तर ते मोडतं, म्हणून.

पडताळा आकड्यांनी घ्या. पहिल्या काही महिन्यांत वजन सरासरी 5 ते 6 किलो वाढल्याच्या नोंदी आहेत. एक किलो वाढीला ढोबळमानाने 7,700 कॅलरी जादा लागतात. म्हणजे तीन महिन्यांत 5 किलोसाठी रोज सुमारे 430, आणि तेही अंगमेहनतीचा खर्च भागवून. पातळ सुपाच्या वाटीत जेमतेम शंभरेक कॅलरी. भरतीच्या व छावणी सोडतानाच्या वैद्यकीय नोंदी आणि छावण्यांचे छापील मेनू अभिलेखागारांत पाहता येतात. सणाच्या मेनूवरून मात्र रोजचं ताट ठरवू नका.