पाय हुकूम देतो, जोर तेलाचा

कोल्हापूरजवळच्या टोपच्या खाणीत बकेट भरून उतारावरून येणारा लोडर पाहिला की माझं लक्ष ऑपरेटरच्या पायाकडे जातं. २० टनांचं धूड तो बुटाच्या टोकाने अलगद थांबवतो. हे यंत्र ताशी ३६ किलोमीटरने धावत असेल, तर त्याच्या गतीत १० लाख जूल ऊर्जा असते. ब्रेक दाबला की तिची उष्णता होते, आणि तेवढ्या उष्णतेत तीन लिटर पाण्याला उकळी फुटेल. करूळ घाटात हेच यंत्र नुसतं १०० मीटर उंची उतरलं, तर जवळजवळ ६० लिटर पाणी उकळेल. म्हणून तर अशा बऱ्याच यंत्रांत ब्रेकच्या तबकड्या आक्सलमध्ये, म्हणजे चाकांच्या आसात, तेलात बुडवलेल्या असतात, आणि लांब उतारावर जाणता ऑपरेटर आधी गिअर खालचा टाकतो.

पण तबकड्या आवळायला लागणारा जोर येतो कुठून?

शाळेत आपण पास्कलचा नियम शिकलो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो. हा नियम सांगणारा पास्कलचा द्रवांवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. लहान दट्ट्या दाबला की मोठ्या दट्ट्यावर कितीतरी पट जोर मिळतो, एवढं आपल्या लक्षात राहतं. त्याची किंमत मात्र आपण विसरतो. जोर जितक्या पटीने वाढतो, तितक्याच पटीने लहान दट्ट्याला जास्त अंतर सरकावं लागतं.

आकडे मांडून बघू. समजा, प्रत्येक चाकाच्या ब्रेकचा दट्ट्या २०० चौरस सेंटीमीटरचा आहे आणि तबकड्या आवळायला तो १ मिलिमीटर सरकावा लागतो. एका चाकाला २० घनसेंटीमीटर तेल लागलं, चार चाकांना ८०. पेडलखालचा दट्ट्या अर्ध्या चौरस सेंटीमीटरचा असेल, तर एवढं तेल ढकलायला तो १६० सेंटीमीटर दाबावा लागेल. जवळपास माणसाच्या उंचीएवढा! पायाच्या ताकदीवर हे जमणारच नाही.

म्हणून मोठ्या यंत्रात तेल ढकलायचं काम पंपाकडे असतं. पाय फक्त किती ते सांगतो, आणि ते सांगणं समजून घेणारा भाग म्हणजे सर्व्हिस ब्रेकचा, अर्थात नेहमीच्या पायाच्या ब्रेकचा, व्हॉल्व्ह. मला या यंत्रातली सर्वांत देखणी कल्पना हीच वाटते.

पुष्कळांना वाटतं, व्हॉल्व्ह म्हणजे नळाची तोटी. तशी ती असती तर पेडल जरा दाबताच पंपाचा सगळा दाब ब्रेकवर आदळला असता आणि चाकं जागीच जाम झाली असती. हा व्हॉल्व्ह काट्यासारखा चालतो. मार्केट यार्डात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, तोलताना एका पारड्यात रवा, दुसऱ्यात वजनं. इथे एका बाजूला पेडलखालची स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला ब्रेककडे गेलेल्या तेलाचा दाब, आणि मधे स्पूल नावाची खाचा पाडलेली पोलादी दांडी. पेडल दाबलं की स्प्रिंग स्पूलला ढकलते, वाट उघडते, तेल ब्रेककडे धावतं. त्याच तेलाचा थोडा भाग स्पूलच्या टोकाशी जाऊन त्याला उलटा रेटतो. दोन्ही रेटे सारखे झाले की स्पूल मधोमध थांबतो आणि वाट बंद होते. आणखी दाबलं तर पुन्हा तेल येतं, पाय सोडला तर ते टाकीत परत जातं.

स्पूलचं टोक अर्ध्या चौरस सेंटीमीटरचं असेल आणि ब्रेकमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ६० किलो दाब असेल, तर स्प्रिंगमार्फत ऑपरेटरच्या बाजूला ३० किलोचा रेटा परत येतो. तोच दाब चाकाच्या मोठ्या दट्ट्यावर १२ टनांचा जोर लावत असतो. ब्रेक किती लागलाय हे पायाला कळतं, ते या परत येणाऱ्या रेट्यामुळे.

बऱ्याच यंत्रांत असे दोन स्पूल एकामागे एक बसवलेले असतात, एक पुढच्या आक्सलचा, एक मागच्या. एका बाजूचा होज, म्हणजे तेलाची नळी, फुटला तरी दुसरी बाजू यंत्र थांबवते. आणि इंजिनच बंद पडलं तर? त्यासाठी अक्युम्युलेटर असतात. या पोलादी भांड्यात एका बाजूला नायट्रोजन भरलेला असतो, पंप दुसऱ्या बाजूने तेल भरून तो वायू दाबून ठेवतो. पंप थांबला तरी आवळलेला वायू तेलाला काही वेळा ब्रेककडे ढकलू शकतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकदा उघडलेला ब्रेक व्हॉल्व्ह मी हातात घेतला होता. स्पूल आरशासारखा, फक्त एका कडेला बोटाला न लागणारी बारीक रेघ. स्पूल आणि त्याच्या भोकातली फट काही मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. खडीच्या क्रशरच्या धुळीत उघड्या डब्याने तेल ओतलं की धुळीचा एखादा कण त्या फटीत अडकतो आणि स्पूल चिकटतो. मग पाय उचलला तरी ब्रेक सुटत नाही, किंवा दाबला तरी उशिरा लागतो. तेल चुकलं तर आणखी वाईट. खनिज तेलाच्या व्हॉल्व्हमध्ये मोटारीचं ब्रेक ऑइल घातलं की आतली सील खराब होतात.

खाणीतल्या एका जुन्या ऑपरेटरने मला सकाळची तपासणी दाखवली होती. सपाट जागी उभं, चाकांना दगड लावलेले, दाब भरलेला. इंजिन बंद, चावी चालू, आणि मग पेडल पुरतं दाबायचं, सोडायचं, मोजत राहायचं. कितव्या वेळेला दाब कमी झाल्याचा दिवा लागून बझर वाजतो, ते तो रोज वहीत लिहायचा. पहिल्या-दुसऱ्याच दाबाला वाजला, तर नायट्रोजन उतरला असं धरायचं. त्या दिवशी "आज गाडी खाली न्यायची न्हाई" एवढंच सांगून तो किल्ली खिशात टाकायचा.